शनिवारचे बन

“डबा उघडू नको आज,” मुक्ताबाई म्हणाली. “आज हितंच कर. मला बघायचंय.”

दीना उंबऱ्यातच थांबली. राहुरीहून वस्तीपर्यंत रिक्षात तो डबा तिनं मांडीवर धरून आणला होता. सकाळी केलेले बन अजून कोमट होते.

आत शेगडीजवळ मैदा, साखर, दूध, खमिराची पुडी, मावा, टुटीफ्रुटी, जिरं, सगळं मांडून ठेवलेलं होतं. काही विसरलं नव्हतं.

“आक्का, तुमच्या शेगडीवर मला अंदाज यायचा न्हाई.”

“बिघडले तर बिघडले. पहिल्यांदा आणलेले तरी कुठं धड हुते?”

ओट्यावर बसलेले तिचे यजमान कानिफनाथ हसले. पहिल्या शनिवारचे ते बन चहात बुडवूनसुद्धा मऊ झाले नव्हते. पण त्यांचं हसू अर्ध्यातच विरलं. या घरात हल्ली तसंच व्हायचं.

त्या दोघांचा एकुलता एक मुलगा ओम राहुरीत एका बेकरीत भट्टीवर कामाला होता. शनिवारी घरी येताना पिशवी भरून बन आणायचा. आईला मावा घातलेला, स्वतःला टुटीफ्रुटीचा, वडलांना जिऱ्याचा खारा. चार वर्षांपूर्वी असाच एका शनिवारी सायकलवरून घरी निघाला आणि कांद्याच्या टेम्पोनं त्याला उडवलं. तेविसावं वर्ष सरलं नव्हतं. मुक्ताबाई धावत रस्त्यावर पोचली तेव्हा पोराला दवाखान्यात नेलं होतं. बन तेवढे डांबरावर पडलेले होते. ते तिनं एकेक करून पदरात गोळा केले होते.

दीना पहिल्यांदा आली त्याला आता दीड वर्ष होत आलं. ओमबरोबर बेकरीत पॅकिंगला होते, तुम्हाला भेटावंसं वाटलं, एवढंच तिनं सांगितलं. घरी कोण कोण असतं, असं मुक्ताबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आता कुनीच न्हाई.” पुढच्या शनिवारी ती डबा घेऊन आली. त्यानंतर तिनं एकही शनिवार चुकवला नव्हता.

दीनानं साडीचा पदर खोचला. कोमट दुधात खमीर टाकलं, त्यावर फेस धरेपर्यंत वाट पाहिली आणि ते मैद्यात ओतलं.

“सर बाजूला. मी मळते,” मुक्ताबाई म्हणाली आणि दणादण मळायला लागली.

“आक्का, भाकरीचं पीठ न्हाई ते. जरा लाडानं मळा.”

मुक्ताबाईचे हात थांबले. “ओम असं म्हनायचा?”

“व्हय,” दीना म्हणाली आणि उगाच तुपाची बरणी पुसत बसली.

पीठ झाकून ठेवलं. ते फुगेपर्यंत तिघं ओट्यावर बसली. समोर गुरांच्या घासाच्या वाफ्यांना पाणी चाललं होतं.

“टेम्पोवाल्याला दीड वर्ष दिलं जज्जानं,” कानिफनाथ एकदम म्हणाले. “दीड वर्ष! एवढ्यात कालवडीची गाय हुत न्हाई. मी कोर्टाची पायरी चढलो न्हाई, दीनाबाई. त्याला बघितला असता तर माजा हात उठला असता. आजबी उठंल. ही एकटी गेलती निकालाला. आली आन् दोन दिवस तोंडातनं शब्द काढला न्हाई.”

“काय बोलायचं?” मुक्ताबाई उठली. “चल दीना, पीठ बघू.”

पीठ दुप्पट झालं होतं. दीनानं त्याचे गोळे केले. काहींत मावा भरला, काहींत टुटीफ्रुटी मिसळली, चार गोळ्यांत मीठ-जिरं घातलं. मुक्ताबाईनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. किती वेळ झाकायचं? दूध कधी लावायचं? पातेल्याच्या तळाला मीठ किती तापवायचं? दीना सांगत गेली. आपल्याला इतकं येतं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

झाकण काढलं तेव्हा वास थेट ओट्यापर्यंत गेला.

कानिफनाथांनी जिऱ्याचा बन हातात घेतला, मधोमध मोडला. वाफ निघाली. एक घास खाल्ला आणि चावता चावता थांबले.

“ओमच्या हातचा हाय गं,” ते म्हणाले. टॉवेल डोळ्यांना लावून ते गोठ्याकडं निघून गेले. अर्धा बन त्यांच्या मुठीतच होता.

मुक्ताबाईनं मावा बन खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. दीनाला वाटलं, चार वर्षांत ही आज पहिल्यांदा पोटभर रडली असेल.

“आक्का, आता दर शनिवारी हितंच करत जाऊ. आपण दोघी.”

मुक्ताबाईनं दीनाचा डबा ओढून घेतला. सकाळच्या बनांवर आत्ताचे गरम बन रचले. मावा, टुटीफ्रुटी, जिरं, सगळे. एकही मागं ठेवला नाही.

“आक्का, तुमच्यासाठी आणलेत. परत कशाला देता?”

मुक्ताबाईनं झाकण लावलं, डबा दीनाच्या हातात दिला. गोठ्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“निकालाच्या दिशी कोर्टात टेम्पोवाल्याजवळ तुला बघितलं हुतं मी. ह्यांना ठाव न्हाई, आन् मी सांगनारबी न्हाई. तुजंबी घर रिकामं हुतं तवर तुज्या हातचं खाल्लं, दीना. उद्या तुजा पोरगा जस्टिन जेलातनं सुटतोय, त्याला खाऊ घाल. आता माजं मला करता येतंय. तू पुन्हा हितं येऊ नको.”