दोन खांबांच्या मधे

२०१९ साली यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा गाडी लावायची जागा नेमकी माझ्या भावाच्या इमारतीखाली निघाली. बारा वर्षं यांनी मला त्याचा जिना चढू दिला नव्हता.

नवी गाडी चावीवरचं बटण दाबलं की आपोआप जागेत शिरायची.

"यंत्राचा काय भरवसा? मी आत बसून लक्ष ठेवतो. तू बाहेरून दाब," हे म्हणाले.

गाडी दोन खांबांच्या मधोमध अचूक बसली. दोन्हीकडची दारं वीतभरही उघडेनात.

"अगं, काढ आता बाहेर."

"दादाला भेटून येते," म्हणत मी चावी पर्समध्ये टाकली. वर दोनदा चहा घेतला.

दादा पुढच्या वर्षी गेला. गाडी आता सून चालवते. त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, असं हे अजून सगळ्यांना सांगतात. मीही हो म्हणते.