मागची खोली

"ह्याला खोली म्हणतात? पुठ्ठा आहे नुसता!" ताईने कागद भिरकावला. "चार भिंती, एक खिडकी, कोपऱ्यात कपाट. असल्या खोलीत माशीसुद्धा मरायची नाही, माणूस काय मरतोय!"

"मग तूच जा खाली नि बघून ये."

"पाय दे मग तुझा!"

ताईचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साप्ताहिकात तिची खुनाची मालिका चालू होती आणि संपादकाने बजावलं होतं: जागा खोट्या वाटतात, आता एक जरी प्रकरण तसं आलं तर मालिका बंद. एक वाजेपर्यंत हवं.

धाकट्या भावाला चारची बस गाठायची होती. तिकीट खिशात, बॅग भरलेली. पण दाराला कुलूप, नि किल्ली ताईच्या उशीखाली. खोली मिळेपर्यंत सुटका नाही.

पाय मोडल्याचं कळलं त्याच संध्याकाळी तो हजर झाला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. आठ दिवस स्वयंपाक केला, भांडी घासली, तिला धरून बाथरूमपर्यंत नेलं. फक्त खाली जाऊन एखादी जागा बघून ये म्हटलं की ह्याच्या पोटात दुखायचं. मग घरबसल्या काहीतरी ठोकून द्यायचा.

"काल म्हणालास, कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर हिरवं. दूधवाला म्हणतो, तिथं आता दुकानच नाही. मला वेड्यात काढतोस?"

"गोष्टच आहे ना? कोण बघायला जातंय?"

"वाचणारा जातो! अरे, सुरा कुठलाही चालतो. जागा खोटी पडली की खून खोटा पडतो. पण तुला काय सांगायचं? डोळे आहेत, नजर नाही. लहानपणापासून ठोंब्या तो ठोंब्याच."

ते त्याला झोंबलं. साडेबारा झाले होते. त्याने खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आठ दिवसांत भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटत होत्या. खिडकी टाळून तो आतल्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"लिही," तो म्हणाला. "फ्रेम करणाऱ्याचं दुकान. त्याच्या मागची खोली."

"बरं."

"नळाला फडकं बांधलंय, तरी गळतो. थेंब बादलीत नाही, बादलीच्या काठावर पडतो. स्टुलाचा एक पाय तोकडा, त्याच्याखाली कॅलेंडरच्या पानाची घडी. सरसाचा वास असा की टाळूला चिकटतो. काचा भिंतीला टेकवलेल्या. आरसा एकच, तोही तोंड भिंतीकडे करून."

"का रे?"

"असेल. नसेल बघवत त्याला स्वतःचं थोबाड."

ताई फिसकन हसली. पेन थांबेना. "आवाज?"

"शेजारी करवत चालते. बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि ओरडलं तरी बोलल्यासारखंच वाटतं."

ताईने मान वर केली. "अरे गाढवा, हे आठ दिवस कुठं दडवून ठेवलं होतंस?"

"झालं ना? किल्ली दे."

"घे बाबा. सुटलास."

त्याने कुलूप काढलं. तिचं संध्याकाळचं जेवण झाकून ठेवलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. ताई फोनवर प्रकरण मोठ्याने वाचत होती. संपादक असेल. तो बूट घालायला बसला.

"ऐकलंस का?" ताई आतून ओरडली. "फौजदारसाहेब होते! प्रत्येक प्रकरण छापायच्या आधी माझ्या चुका काढतात. आज एकही निघाली नाही!"

"बरं झालं."

"म्हणाले, खोली तंतोतंत! तो फ्रेमवाला आज सकाळी तिथंच मेलेला सापडलाय म्हणे. आठ दिवस तसाच पडून होता. पेपरात अजून एक अक्षर नाही. साहेब म्हणाले, ती खोली आम्ही पाहिली, नाहीतर मारणाऱ्याने. मी म्हटलं, नाहीतर माझ्या भावाने! काय नजर आहे पोराची! आता तुलाच भेटायला येतायत. जिन्यातच असतील. चहा टाक जरा."

"मला आता निघायला हवं, ताई," धाकटा म्हणाला.