गोंगाट गेल्यावर

"कर चालू. काय व्हायचं ते होऊ दे," दादा म्हणाला आणि शर्टाची बटणं काढून स्टुलावर बसला.

बहिणीने त्याच्या छातीवर चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी ईसीजी मशीनला जोडल्या. मशीन दोघांनी मिळून बनवलेलं. डबा आणि गिऱ्हाइकं दादाची, आतले बोर्ड तिचे. दुपारी हॉस्पिटलचे डॉक्टर ते बघायला येणार होते. बाहेरच्या खोलीत वहिनी पुसलेली खुर्ची पुन्हा पुसत होती.

घोडं अडलं होतं पॉवर सप्लायपाशी. तो चालू केला की ठोक्यांची रेघ सुरवंटासारखी केसाळ व्हायची. दादाने खापर बोर्डावर फोडलं, आणि ते खोटंही नव्हतं. वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बोर्डाच्या एका कोपऱ्यात होता आणि त्याला वीज पुरवणारा कपॅसिटर पार दुसऱ्या. मधल्या लांबलचक वळशातून विजेचा गोंगाट सगळ्या डब्यात पसरत होता. पण तो वळसा पडला होता दादाच्याच हट्टापायी. प्लग त्याला समोर हवा होता, डबा देखणा दिसावा म्हणून; मग प्लगजवळचा कपॅसिटरही पुढे गेला.

त्यावरून रोज वाजायचं. दादा हल्ली कशावरूनही उखडायचा. ताट अर्ध्यावर सारायचा, जिना चढून आला की आधी खुर्ची शोधायचा. या मशीनने डोकं खाल्लंय त्याचं, असं वहिनी म्हणायची. शेवटी बहिणीने त्याला न विचारताच प्लग मागे नेला. कपॅसिटर ट्रान्झिस्टरला खेटून बसवला, खाली तांब्याचा थर सलग ठेवला आणि छातीकडून येणारा नाजूक सिग्नल दुसऱ्या कडेने फिरवला. नवा बोर्ड सकाळीच आला. मागे गेलेला प्लग दादाने पाहिला आणि बोर्ड डब्यात ठेवून स्क्रू आवळायला घेतले. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिने बटण दाबलं.

रेघ स्वच्छ उमटली. एकही केस नाही. तेवढ्यात एक ठोका वेळेआधीच आला, रुंद आणि वेडावाकडा. त्यामागे रेघ क्षणभर सपाट झाली. मग नीट चालली. मग तसलेच दोन, लागोपाठ.

"बघ," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "अजून आहेच. आता डॉक्टरांसमोर नाक कापून घेऊ."

तिने जोड तपासले, चकत्या बदलल्या, खोलीतली ट्यूब बंद केली. वाकडे ठोके येतच राहिले. तिने पॉवर सप्लायच काढून टाकला आणि मशीन बॅटरीवर चालवलं. तरी तेच.

मग तिने वायरी स्वतःला लावल्या. रेघ सरळ. वहिनीला आत बोलावून तिला लावल्या. सरळ. पुन्हा दादाला लावल्या.

तिघंही स्क्रीनकडे बघत राहिली. वाकडा ठोका आला, रेघ थांबली, पुन्हा चालू लागली. बहिणीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने फोन उचलला आणि डॉक्टरांना सांगितलं, दुपारी नको, आत्ताच या.

दादाचा हात छातीवर गेला होता.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "तुझा बोर्ड बरोबर आहे."

एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला ती इतके दिवस भांडत होती. आता ते खोटं ठरावं म्हणून ती पुन्हा एकेक वायर तपासायला बसली.