करकोच्याचं लेबल
माझ्या मुलाला, रांगेलला, धीर नावालाही नाही. प्लमची राकिया, आमची घरची दारू, भट्टीतून थेंबाथेंबाने उतरते, आणि तेवढा वेळ बसायचं म्हटलं की याच्या पायाला मुंग्या येतात. सरकारी जमान्यात बाटलीवर नुसता कारखान्याचा आकडा असायचा. तो जमाना गेला तेव्हा मी माझ्या दारूच्या लेबलावर आमच्या धुराड्यावरचा करकोचा चितारून घेतला, राजधानीत सोफियाला जाऊन नोंदवला, आणि त्याची नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचलं. आज तपासनीस आला. त्याने करकोच्याच्या लेबलाची अर्धी उरलेली बाटली टेबलावर ठेवली. हीच पिऊन शेजारच्या स्पासचे डोळे गेले होते. "आजी, ही तुमची?" "बाहेरच्या चोरांचं काम, दुसरं काय!" रांगेलच बोलला, आणि टेबलाखाली त्याने माझा पाय दाबला. मी बाटली जोरात हलवली. माझ्या राकियात फेसाच्या मण्यांची माळ कडेने टिकून राहते. इथे एकही मणी टिकला नाही. बुचावरचं मेण मात्र आमच्याच मधमाश्यांचं होतं, आणि मेणाच्या कपाटाची किल्ली माझ्याखेरीज एकट्या रांगेलकडे. तपासनीस माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चोरांवर ढकललं असतं, तर त्याने मुकाट्याने मानलं असतं. "पाय काढ, रांगेल," मी म्हणाले. "लेबल माझं, मेण माझं, करकोचा माझा. आतलं स्वस्तातलं विष तेवढं तुझं. ऊठ, साहेबांबरोबर जा. आणि कोट घाल, तिकडे गारठा असतो."