गोलमागचा कॅमेरा

फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पंचबाईंनी शेवटच्या मिनिटाला यजमान देशाविरुद्ध पेनल्टी दिली आणि अख्खं स्टेडियम त्यांच्या नावाने बोंबा मारू लागलं. इतक्यात कानातल्या यंत्रातून आवाज आला. व्हिडिओ खोलीत बसलेले पंच म्हणजे बाईंचे गुरूच. "पोरी, बचावपटूचा पाय आधी चेंडूला लागलाय. पडद्यावर बघ." बाई मैदानाच्या कडेच्या पडद्यापाशी धावल्या. तसंच दिसत होतं. निर्णय फिरवला असता तर टाळ्याच पडल्या असत्या. पण मन मानेना. "सर, गोलमागचा कॅमेरा लावा." चित्र बदललं. पाय चेंडूला शिवलाच नव्हता. थेट समोरच्याच्या घोट्यावर बसला होता. "पेनल्टीच आहे, सर!" बाई ओरडल्याच. कानात सर खदखदून हसले. "मलाच खोटं पाडलंस की गं! बघतेस काय, पळ!" शिट्ट्यांच्या गदारोळात बाईंनी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट रोखलं.