कलम सात आणि बेसनाचा लाडू

यंत्राने अण्णा कुलथ्यांच्या देहावरून तिसऱ्यांदा प्रकाश फिरवला, आणि अहवाल पुन्हा शेवटच्या ओळीवर अडकला.

गुलाबरावांनी तीस वर्षं शवागारात सुईदोऱ्याने देह शिवले होते. आता कापाकापीच बंद झाली होती. नव्या कायद्याने त्यांच्या हाती फक्त प्रश्न विचारणं ठेवलं होतं. कलम सात : पोटात सापडलेला पदार्थ कुठून आला हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय देह ताब्यात द्यायचा नाही.

“वहिनी, पोटात बेसनाचा लाडू दिसतोय. कुणी दिला?”

“शक्यच नाही!” मुलगा उसळला. “अण्णांना मधुमेह होता. नऊ वर्षं घरात गोड केलेलं नाही. यंत्र बिघडलंय तुमचं.”

इंदुमतीबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरचे केस सारखे केले.

“यंत्र बरोबर आहे. लाडू माझाच. साखर नाही त्यात, खजूर घालते. मी डब्यात लपवायची आणि हे चोरून खायचे.” मग त्यांचा आवाज खाली गेला. “लाडवाने गेले का हो?”

“नाही वहिनी. हृदय थकलं होतं, एवढंच.”

गुलाबरावांनी नोंद केली आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला.

“त्यांची चोरी तुम्हाला ठाऊक आहे, हे त्यांना माहीत होतं का?”

“छे! चोरीची मजाच गेली असती. आधी डबा माळ्यावर असायचा. ह्यांचे गुडघे दुखायला लागले, तसा मी तो एकेक फळी खाली आणत गेले. हल्ली तर जमिनीवरच ठेवायची. तरी यायचे ते चोरपावलांनीच.”