खिचडीच्या रांगेतलं कराटे

मॅडम, तुमच्या संस्थेनं आमच्या शाळेत कराटे शिबिर घेतलं, तुम्ही फोटो काढलेत आणि वर्षभर इकडे फिरकला नाहीत. काल आल्या आल्या म्हणालात, "पोरी सगळं विसरतात. पुढचं शिबिर बंद!"

विसरतील कशा? मी त्यांची बाई आहे. आमच्या शाळेत रोज खिचडीच्या रांगेत मागची मुलगी पुढचीचं मनगट पकडते. हात सोडवेल तिनंच ताट पुढे करायचं.

काल त्याच रांगेत तुम्ही सहावीतल्या केशरचं मनगट आवळलंत. "काय गं, आठवतंय का काही?" तिनं तुमच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन हात सोडवला. वर म्हणाली, "मॅडम, घट्ट धरा की! पहिलीतली पोरगीपण याहून घट्ट धरते."

सगळी रांग खिदळली. माझी मान ताठ झाली.

तुम्ही मात्र लगेच गाडीत बसलात. आता सांगा, पुढचं शिबिर कधी?